मुलांसाठी परकीय भाषा कशी निवडावी: बडोद्यातल्या मराठी घरांसाठी

दांडिया बाजारातल्या आमच्या घरातली पाचवीतली मुलगी आजीशी मराठी बोलते, रिक्षावाल्या काकांशी गुजराती, शाळेत इंग्रजी, आणि मधल्या सुट्टीत मैत्रिणींशी हिंदी. चार भाषा झाल्यावर पाचवी कशाला, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मला तो प्रश्न रास्तच वाटला.

म्हणूनच पहिली पायरी परकीय भाषेची नाही. मुलाला मराठी गोष्टीचं एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. अक्षर जुळवत वाचत असेल तर सहा महिने थांबा आणि रोज मराठी वाचा. विभक्ती, लिंग, काळ या गोष्टी ज्याला घरच्या भाषेत कळल्या, त्याला त्या पुन्हा नव्यानं शिकवाव्या लागत नाहीत.

आधी शिक्षक, मग भाषा

इथे बहुतेक आईबाप चुकतात, आम्हीही चुकलो. फ्रेंच छान म्हणून एका क्लासला मुलीचं नाव घातलं. वर्षात तिथे तीन शिक्षक बदलले आणि प्रत्येकानं पुन्हा ‘बोंज्यूर’पासून सुरुवात केली. वर्ष गेलं, पैसे गेले, आणि मुलीला वाटायला लागलं की आपल्यालाच जमत नाही. हे शेवटचं मला अजून सलतं.

म्हणून आधी घराच्या टापूत चांगलं कोण शिकवतं ते शोधा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत फ्रेंच, जर्मन आणि रशियनचे विभाग आहेत. तिथे चौकशी केली की शिकवण्या घेणाऱ्यांची नावं कळतात. एक तास मागे बसून बघू द्या म्हणावं. त्या तासात मुलं किती बोलली ते मोजा. सगळा वेळ शिक्षकच बोलत असतील तर दुसरा क्लास बघा.

आपल्या मुलाला काय सोपं जाईल?

भाषा सोपी की अवघड हे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हिशेबानं ठरवू नका. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजी माणूस घाबरतो. आपल्याकडे तो-ती-ते आहेच, गुजरातीतही तिन्ही लिंगं आहेत. बडोद्याच्या मुलाला ही कल्पना दोनदा येते. पाठांतर मात्र चुकत नाही. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. ते वाचून आमची लेक ताटावरून उठून विचारायला आली, “आई, यांच्याकडे सूर्य बाई आहे?”

जपानीत वाक्य आपल्यासारखंच चालतं. ‘वाताशी वा गाक्को नि इकिमास’ म्हणजे मी शाळेला जाते. प्रत्यय नामाच्या मागे, क्रियापद शेवटी. बोलायला लवकर येते. लिहिण्याचं ओझं मोठं: दोन वर्णमाला, आणि रोजच्या वापराची म्हणून ठरवलेली २,१३६ चित्राक्षरं. कोरियनचीही वाक्यरचना अशीच, पण लिपी काही दिवसांत येते. स्पॅनिश बरीचशी लिहिल्याप्रमाणे वाचतात, देवनागरीची सवय कामी येते. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची कितीतरी अक्षरं उच्चारत नाहीत, त्यामुळे कान तयार व्हायला वेळ लागतो.

वेळेचा अंदाज हवा असेल तर अमेरिकी परराष्ट्र सेवेचे आकडे बघा: त्यांच्या प्रौढ, इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना स्पॅनिशसाठी सुमारे ७५० तास, जपानीसाठी २,२००. आठवड्याला दोन तासांचा क्लास लावून वर्षभरात मूल फाडफाड बोलेल, ही अपेक्षा ठेवूच नका.

नोकरीचा विचार, पण बेतानं

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनचे पंतप्रधान सी-२९५ विमानांच्या कारखान्याच्या उद्घाटनाला बडोद्यात आले आणि आमच्या सोसायटीत लगेच स्पॅनिशची चौकशी सुरू झाली. आज पाचवीत असलेलं मूल नोकरीला लागायला दहा-बारा वर्षं आहेत. एका कारखान्यावरून भाषा ठरवू नये. शिक्षणाचं गणित मात्र खरं आहे: जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमध्येच आहेत. मुलाला तिकडे पाठवायचा विचार असेल तर भाषा आतापासून हवी.

शाळेला विचारायचे दोन प्रश्न

ही भाषा कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, आणि मधेच बंद झाली तर काय? २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकणाऱ्या मुलांना वर्षाच्या मधेच ती सोडावी लागली, जागी संस्कृत आली. शाळेबाहेरचा शिक्षक हाताशी असेल तर असा बदल मुलाला पेलतो.

सहा आठवडे बघा

सगळं जमलं तरी वर्षाची फी एकदम भरू नका. सहा आठवडे क्लास आणि घरी रोज वीस मिनिटं. या काळात परीक्षा नाही, पाहुण्यांसमोर ‘बोलून दाखव’ नाही. मूल न सांगता एखादा शब्द घरात वापरतं का, एवढंच बघा.

आम्ही दुसऱ्या खेपेला जर्मन घेतली, कारण शिक्षिका चालत जाण्याच्या अंतरावर होत्या आणि मुलांना बोलू देत होत्या. पाचव्या आठवड्यात आजी पोळ्या लाटत होती आणि ही शेजारी उभी राहून मोजत होती: आइन्स, त्स्वाय, द्राय. चौथ्या पोळीला आजीच म्हणाली, “फिअर ना गं?” दुसऱ्या दिवशी आम्ही फी भरली.