हँडओव्हर घेताना: आयत्या निदानाला भुलू नये म्हणून

हँडओव्हर म्हणजे ड्यूटी बदलताना आधीच्या डॉक्टरांकडून रुग्ण ताब्यात घेणं. त्यासाठी लागणाऱ्या स्टेथोस्कोप, टॉर्च, पेन यांबद्दल सांगत बसत नाही. खिशात एक कोरा कागद मात्र हवाच. प्रत्येक रुग्णाच्या नावासमोर त्यावर एकच गोष्ट लिहायची: ठरलेल्या निदानात काय बसत नाही. डोक्यात ठेवू नका, लिहा. डोक्यात ठेवलेली विसंगती टिकत नाही. ‘घाबरल्यामुळे असेल’, ‘मशीन नीट लागलं नसेल’ असं म्हणत आपणच तिची वासलात लावतो.

ड्यूटी सोपवणाऱ्या डॉक्टरांना निदान शेवटी सांगायची विनंती करा. आधी तक्रार, ती कधीपासून, मग नाडी, बीपी, श्वास, ताप, ऑक्सिजन, आणि मग निदान. ‘गॅस्ट्रायटिसचा (जठराच्या सुजेचा) पेशंट’ हे शब्द आधी कानावर पडले की पुढचं सगळं पोटाचंच ऐकू येतं. याला अँकरिंग म्हणतात. टव्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ सालच्या लेखात दाखवलं होतं की चाक फिरवून समोर आलेल्या १० किंवा ६५ या निरर्थक आकड्यानेही लोकांचा अंदाज ओढला जातो: एका गटाचा २५ वर, दुसऱ्याचा ४५ वर. इथे तर निदान सहकाऱ्याच्या तोंडून येतं, ते किती ओढेल! विनंती करताना संकोच वाटतो. करायचीच.

मग केसपेपर पहिल्या नोंदीपासून वाचा आणि प्रश्नचिन्ह कुठे गळलं ते शोधा. पहिल्या नोंदीत ‘पॅनिक?’ (घबराटीचा झटका?) असतं, दुसरीत ‘पॅनिक’, तिसरीत ‘पॅनिकसाठी औषध दिलं’. मधे नवी तपासणी काहीच झालेली नसते, फक्त हात बदललेले असतात. अशा रुग्णाची नाडी ११८ आणि ऑक्सिजन ९२ असेल तर नाडी पॅनिकमध्ये बसते, ऑक्सिजन बसत नाही. पॅनिक अटॅकने ऑक्सिजन उतरत नाही. कागदावर लिहा: ‘ऑक्सिजन ९२, का?’ एवढे शब्द पुरतात. फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळीचा विचार तिथून सुरू होतो. लिहिलं नाही तर होत नाही.

श्वासाचा वेग स्वतः, घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. नोंदीत सगळ्यांचाच १८ किंवा २० असेल तर तो मोजलेला नाही असं धरा.

छातीत दुखतंय, ईसीजी बदललाय, म्हणून ‘हार्ट अटॅक’ लिहिलंय. पण दुखणं एकदम सुरू झालं, फाडल्यासारखं आहे, पाठीत जातंय? दोन्ही हातांचं बीपी घ्या. २० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर महाधमनी आतून फाटल्याची शंका घ्यायची, आणि ती फिटेपर्यंत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन हातात घ्यायचं नाही. अशा रुग्णाचा त्याने जीव जाऊ शकतो. दुसऱ्या हाताला पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात. साठीनंतर पहिल्यांदाच ‘मुतखडा’ आला तर पोटातल्या महाधमनीचा फुगा आधी बघा. दारूचा वास येतो म्हणून शुद्ध दारूनेच हरपली असं समजू नका: ग्लुकोमीटर लावा, डोकं चाचपून बघा. दारूनेही साखर उतरते. ‘नेहमीचाच पेशंट’ हे शब्द ऐकले की अंगावरचे कपडे काढून नीट तपासा. नेहमीच्या पेशंटलाही नवा आजार होतो.

अँकरिंगसारख्या पूर्वग्रहांची नावं पाठ करून काही साधत नाही, ‘सावध राहा’ म्हणूनही नाही. ग्रेबर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली निदानातल्या चुकांची १०० प्रकरणं तपासली. ७४ मध्ये विचार करण्यातल्या चुकीचा वाटा होता, ज्ञान कमी पडल्याची उदाहरणं थोडी होती, आणि सगळ्यात जास्त वेळा दिसलं ते एक निदान सापडताच विचार थांबवणं. विचार थांबू नये म्हणूनच तो कागद. ‘सगळं जुळतंय’ असं वाटलं तरी रकाना कोरा सोडायचा नाही. किमान ‘ताप का नाही?’ एवढं तरी निघतंच.

तपासण्यांवर वेळ लिहा. दुखू लागल्यावर तासाभरातच केलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून हार्ट अटॅक नाही असं ठरत नाही, पुन्हा करा. एक्स-रेत एक फ्रॅक्चर सापडलं की दुसरं शोधा. घोटा मुरगळला असेल तर गुडघ्याखाली फिब्युलाचं (पायाच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाचं) वरचं टोकही दाबून बघा. २०१३ सालच्या एका प्रयोगात छातीच्या सीटी स्कॅनमध्ये मुद्दाम गोरिलाचं चित्र घातलं होतं. २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना ते दिसलं नाही, कारण ते गाठी शोधत होते.

घरी सोडताना: व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास, ताप, ऑक्सिजन) पुन्हा, चालवून बघा, राहिलेला रिपोर्ट कोण बघणार त्याचं नाव, कशासाठी लगेच परत यायचं ते नेमकं सांगा. न बसणारी गोष्ट अजून तशीच असेल तर सोडू नका, वरिष्ठांना फोन करा, रात्र असली तरी.

ड्यूटी संपताना कागद पुढच्या डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडी सांगितलंय म्हणून खिशात ठेवू नका.