हवाई दलाची युद्धपदकं : नाव आधी, चमक नंतर

पदक हाती आलं की आधी कड बघा. 1939-45 चं वॉर मेडल गोल, 36 मिलिमीटर व्यासाचं. भिंग धरून, तिरपा उजेड पाडून कड फिरवली की ठोकलेली अक्षरं उठून दिसतात. बर्मा स्टारसारख्या ताऱ्यांवर, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या युद्धपदकांवर, नाव पाठीमागे असतं. भारतीयांना दिलेल्या पदकांवर क्रमांक, हुद्दा, नाव कोरलेलं मिळतं. ब्रिटिशांचे तारे मात्र बिननावाचेच निघाले, तेव्हा अशा ताऱ्यावर रॉयल एअर फोर्समधल्या कुणाचं ठळक नाव दिसलं तर ते मागाहून घातलेलं समजा. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस या हवाई शौर्यपदकावर अधिकृत कोरलेलं असतं ते पाठीमागे खालच्या बाहूवरचं वर्ष.

नाव मिळालं की लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, ऑनलाइन चाळा. इथे बहुतेकजण अडकतात ते स्पेलिंगपाशी: एकच आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं, म्हणून सेवा क्रमांकानेही शोधा. ‘रॉयल’ हा शब्द भारतीय हवाई दलाला मार्च 1945 मध्ये लागला, कागदाचा काळ त्यावरून ताडता येतो. कोल्हापुरातलं, सैनिक टाकळीसारख्या गावातलं घराणं असेल तर घरच्यांकडचं सर्व्हिस बुक, पेन्शनचे कागद आधी मागा. फोटो काढा, मूळ कागद त्यांच्याकडेच राहू द्या.

आणि कृपा करून पदक उजळायला गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, देऊ नका. पॉलिशने अक्षरांच्या कडा झिजतात, पुरावाच जातो. पावसाळ्यात पीव्हीसीच्या पाकिटात हिरवा चिकट थर धरतो. आम्लरहित कागदात गुंडाळून सिलिका जेलसोबत ठेवा.