शाळेच्या लिनक्सवर शैक्षणिक सॉफ्टवेअर बसविताना या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या मराठी प्राथमिक शाळांमध्ये मुक्तस्रोत शैक्षणिक सॉफ्टवेअर बसवून देण्याचे काम मी काही वर्षे करीत आहे. सॉफ्टवेअर उत्तम असते, शिकविणाऱ्या बाईंची तयारी असते, मुले तर वाटच पाहत असतात. पण बसविताना एखादी क्षुल्लक अडचण येते आणि संगणकावर पुन्हा कापड पडते. या अडचणी बहुधा शाळेत जन्मलेल्या नसतात. ज्याने सॉफ्टवेअर तयार केले, त्याने ते स्वतःच्या नव्या, सतत इंटरनेटला जोडलेल्या संगणकावरच तपासलेले असते, हे त्यांचे मूळ आहे. म्हणून पुढील मजकूर बसविणाऱ्यांइतकाच बनविणाऱ्यांनीही वाचावा, अशी माझी विनंती आहे.

नव्या प्रणालीवर बांधलेली फाइल जुन्या प्रणालीवर चालेल असे गृहीत धरणे, ही सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक. उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्स प्रणालींवरील जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम जीलिबसी या पायाभूत लायब्ररीवर (अनेक प्रोग्रॅमनी मिळून वापरायच्या तयार कोडवर) उभा असतो. उबुंटू २०.०४ मध्ये तिची आवृत्ती २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५ आणि २४.०४ मध्ये २.३९. जुन्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर सहसा चालतो, उलट मात्र बहुधा घडत नाही. शाळेत याचे लक्षण असे दिसते की चिन्हावर दोनदा क्लिक केले तरी काहीही होत नाही, साधी सूचनाही येत नाही. टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून) प्रोग्रॅम सुरू केल्यावरच जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही, हे कळते. अशा वेळी इंटरनेटवरून नवी जीलिबसी आणून हाताने बसविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यात संपूर्ण प्रणालीच कोलमडू शकते. त्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती घ्यावी किंवा फ्लॅटपॅक ही पॅकेज-पद्धत वापरावी. तिच्यातील प्रोग्रॅम प्रणालीच्या लायब्ररींवर अवलंबून न राहता स्वतःच्या वेगळ्या लायब्ररी वापरतो. बनविणाऱ्याने मात्र आपले सॉफ्टवेअर ज्या सर्वांत जुन्या प्रणालीवर चालावे असे त्याला वाटते, त्याच प्रणालीवर ते बांधले पाहिजे, आणि कंटेनरच्या, म्हणजे एकाच संगणकात दुसऱ्या प्रणालीचे वातावरण उभे करण्याच्या, सोयीमुळे त्यासाठी वेगळा संगणकही लागत नाही.

ॲपइमेजच्या, म्हणजे न बसविता थेट चालविता येणाऱ्या एकाच फाइलमधल्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत असेच मौन आणखी दोन कारणांनी येते. फाइलला चालविण्याची परवानगी दिलेली नसते, हे पहिले कारण. फाइलच्या गुणधर्मांत जाऊन ती देता येते. दुसरे असे की उबुंटू २२.०४ पासून लिबफ्यूज२ ही ॲपइमेज उघडण्यासाठी लागणारी लायब्ररी मुळात बसविलेली येत नाही. २२.०४ मध्ये त्याच नावाचे पॅकेज घ्यावे, २४.०४ मध्ये त्याचे नाव लिबफ्यूज२टी६४ असे आहे. नुसते ‘फ्यूज’ नावाचे पॅकेज चुकूनही बसवू नये, कारण त्यामुळे फ्यूज३ काढले जाऊन डेस्कटॉपचे आवश्यक भाग नाहीसे होण्याचा धोका असतो.

इंटरनेट असेलच, या समजुतीचा फटका आमच्या भागात फार बसतो. एका शाळेत टक्सपेंट या मुलांच्या चित्रकलेच्या प्रोग्रॅमची एकच डेब फाइल (उबुंटू-डेबियनचे पॅकेज) पेनड्राइव्हवर नेऊन मी ती डीपीकेजी या पॅकेज बसविणाऱ्या साधनाने बसवायला गेलो, आणि जोड-पॅकेजेस नसल्यामुळे ती अर्धवट अडकली. डीपीकेजी अशी जोड-पॅकेजेस, म्हणजे अवलंबित्वे, स्वतः आणत नाही. एपीटी या पॅकेजेस आणून बसविणाऱ्या साधनाच्या इन्स्टॉल आज्ञेला फाइलचा मार्ग दिला तर ती आणली जातात, पण त्यासाठी इंटरनेट हवे. दुसऱ्या खेपेला आवश्यक तेवढी सारी पॅकेजेस नेली, तेव्हा प्रोग्रॅम चालला, मात्र मुलांनी लगेच विचारले, “सर, ठसे कुठे आहेत?” डेबियन आणि उबुंटूमध्ये टक्सपेंटचे ठसे, म्हणजे चित्रात उमटविण्याची तयार चित्रे, वेगळ्या पॅकेजमध्ये असतात आणि ते केवळ ‘शिफारस’ म्हणून जोडलेले असते, त्यामुळे हाताने गोळा करताना नेमके तेच राहून जाते. जीकॉम्प्रिस या लहान मुलांच्या शैक्षणिक खेळांच्या संचात आवाजाच्या फाइली भाषेनुसार स्वतंत्रपणे उतरवाव्या लागतात. त्या घरून निघण्यापूर्वीच उतरवून न ठेवल्यास पहिलीच्या मुलाला अक्षर दिसते, पण ऐकू येत नाही. फ्लॅटपॅकची एकच बंडल फाइल नेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की त्या फाइलमध्ये रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्ररींचा सामायिक संच, नसतो, आणि तो शेकडो मेगाबाइटचा असू शकतो. बनविणाऱ्यांनी ठसे, आवाज आणि चित्रे यांसह एकत्रित, इंटरनेटविना बसणारा संच दिला, तर खेड्यातल्या शाळांवर मोठे उपकार होतील.

पावसाळ्यात पॅकेज बसत असतानाच वीज जाते. त्यानंतर एपीटी काहीच करू देत नसेल, तर प्रणाली नव्याने टाकण्याची गरज नसते. डीपीकेजीच्या ‘कॉन्फिगर’ पर्यायाने सर्व अर्धवट पॅकेजेस पूर्ण करून घ्यावीत, मग एपीटीचा ‘फिक्स-ब्रोकन’ पर्याय वापरावा. ‘लॉक मिळत नाही’ (म्हणजे दुसरे काम पॅकेजेस वापरत आहे) अशी सूचना आली, तर बहुधा स्वयंचलित अद्ययावतीकरण चालू असते; थांबावे, लॉकची फाइल पुसू नये.

भाषेचा प्रश्न गोव्यात दुहेरी आहे, कारण मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीतून वाचल्या जातात. सॉफ्टवेअरचे कोकणी भाषांतर अपुरे असेल, तर पडदा थेट इंग्रजीत जातो, हे टाळता येते: जे प्रोग्रॅम भाषांतरासाठी गेटटेक्स्ट हे साधन वापरतात, त्यांना ‘लँग्वेज’ या प्रणालीच्या चलातून (सेटिंगमधून) कोकणी, मग मराठी, मग इंग्रजी असा क्रम सांगता येतो. बनविणाऱ्याने देवनागरी फॉन्ट हे अवलंबित्व म्हणून नोंदवलेच पाहिजे, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे. फॉन्टमध्ये ती असली तरी मजकुराची भाषा मराठी आहे, हे प्रोग्रॅमने सांगितले नाही तर हिंदी वळणे दिसतात, आणि अक्षर गिरवायला शिकणाऱ्या मुलाला बाईंच्या फळ्यावरचे एक रूप आणि पडद्यावरचे दुसरे, असा गोंधळ सहन करावा लागतो. मला ही चूक इतर सर्व चुकांपेक्षा अधिक खुपते.

शेवटची तपासणी विद्यार्थ्याच्या खात्यातून करावी. शिक्षकाच्या खात्यात सुरळीत चालणारा प्रोग्रॅम मुलांच्या खात्यात बंद पडत असेल, तर बहुधा तो मुलांची प्रगती आपल्या स्थापनेच्या फोल्डरमध्ये लिहू पाहत असतो, आणि तिथे लिहिण्याचा अधिकार सामान्य खात्याला नसतो. त्या फोल्डरची परवानगी सर्वांना खुली करण्याचा उपाय अनेक जण सुचवितात, पण मग एका मुलाचे काम दुसऱ्याकडून पुसले जाते. ही दुरुस्ती प्रोग्रॅममध्येच व्हायला हवी: नोंदी प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये (खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) लिहाव्यात, आणि ती होईपर्यंत शाळेने प्रत्येक वर्गासाठी वेगळे खाते करून त्या खात्याच्या होममध्येच प्रोग्रॅमची स्वतंत्र प्रत ठेवावी.