एपीआय घ्यायच्या आधी मी काय काय बघतो

कुठल्या ब्रोकरचा एपीआय (आपल्या प्रोग्रॅममधून थेट ब्रोकरकडे ऑर्डर पाठवायची सोय) घेऊ, हे महिन्यातून दोनतीनदा तरी कोणीतरी विचारतंच, आणि मी नाव सांगायचं टाळतो, कारण आज मस्त चाललाय म्हणून सांगावं आणि पुढच्याच एक्सपायरीला, म्हणजे कॉन्ट्रॅक्टची मुदत संपते त्या दिवशी, त्याचा सर्व्हर बसावा, मग शिव्या मला. त्यापेक्षा खातं उघडायच्या आधी मी काय बघतो तेच लिहून टाकतो. शांत बाजारात सगळेच एपीआय गुणी बाळासारखे वागतात हो, गडबडीत तो कसा वागणार हे आधी कळायला हवं, माझी सगळी तयारी त्याच्यासाठीच.

आधी नोंदणी. दोन मिनिटांचं काम आहे, पण लोक करत नाहीत. ब्रोकरचा सेबी नंबर आयएनझेडने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचने. नुसता नंबर दिसला म्हणून खूश होऊ नका, खोट्या ॲपवाले खऱ्या ब्रोकरचाच नंबर लावून बसतात, म्हणून सेबीच्या साइटवर जाऊन नाव, पत्ता, ईमेल, वेबसाइट सगळं जुळतंय का बघायचं. व्हॉट्सॲप ग्रुपात आलेल्या लिंकवरून ॲप उतरवायचं नाही, विषय संपला. पैसे टाकताना यूपीआय आयडीत ॲटच्या पुढे व्हॅलिड आणि मग बँकेचं नाव आहे का, हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतोय का, हेही बघा, 1 ऑक्टोबर 2025 पासून ही सोय आलीय, आणि सेबी चेकवर ब्रोकरचं बँक खातंसुद्धा तपासता येतं. फॉरेक्सचं सॉफ्टवेअर कोणी गळ्यात मारत असेल तर रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट उघडून नाव शोधा. यादीत नाही म्हणजे अधिकृत आहे असं मात्र नाही.

मग नियम. सेबीचं 4 फेब्रुवारी 2025 चं सर्क्युलर एकदा तरी वाचा, इंग्रजी जरा रुक्ष आहे पण फार लांब नाही. त्यातलं आपल्या कामाचं म्हणजे, एपीआय आता वाटेल तिथून वापरता येत नाही, तुमच्या नावची की (गुप्त कोड) लागते आणि ब्रोकरकडे नोंदवलेला स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेटचा पत्ता, लागतो. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बहुतेक वेळा बदलत राहतो, म्हणजे एकतर इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक घ्या नाहीतर क्लाउडवर छोटा सर्व्हर घ्या, आणि हा खर्च आधीच धरा. ब्रोकरला विचारायचं की आयपी बदलायचा झाला तर किती वेळ लागतो आणि दुसरा आयपी राखीव ठेवता येतो का. वेग म्हणाल तर एका एक्सचेंजवर सेकंदाला 10 ऑर्डरपर्यंत आपल्याला अल्गोची (आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या प्रोग्रॅमची) एक्सचेंजकडे वेगळी नोंदणी लागत नाही, आणि आपल्यासारख्या लोकांना तेवढ्या लागतही नाहीत. स्वतः लिहिलेला अल्गो स्वतःसाठी, नवरा किंवा बायकोसाठी, आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी, आईवडिलांसाठी वापरता येतो. मित्राचं खातं त्यात येत नाही, कितीही जिवलग असला तरी.

तयार अल्गो विकत घेणार असाल तर विकणारा एक्सचेंजकडे एम्पॅनल, म्हणजे त्यांच्या यादीत नोंदवलेला, आहे का ते विचारा. आतलं लॉजिक तुम्हाला दाखवत नसेल तर तो ब्लॅक बॉक्स, आणि तसा अल्गो देणाऱ्याला रिसर्च ॲनालिस्टची नोंदणी लागते. महिन्याला इतके टक्के म्हणून स्क्रीनशॉट टाकणारा असेल तर तिथेच थांबा, रिटर्नचे असे दावे करणाऱ्या प्लॅटफॉर्मशी ब्रोकरने संबंध ठेवायचा नाही असं सेबीने 2 सप्टेंबर 2022 लाच सांगून ठेवलंय. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणारे 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात निघाले, आणि त्याच अभ्यासात परदेशी फंडांचा 97 टक्के नफा अल्गोतून आला असंही होतं. एक पोरगा हा दुसराच आकडा दाखवून मला सॉफ्टवेअर विकायला आला होता. म्हटलं अरे, त्यांची मशिन एक्सचेंजच्या शेजारच्या रॅकमध्ये बसलीयत, आणि तुझं माझ्या लॅपटॉपवर चालणार, तेही वायफायवर!

आता डॉक्युमेंटेशन, इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. एपीआयला काय काय येतं त्याची यादी शेवटी वाचतो, आधी एररचं पान उघडतो. ऑर्डर रिजेक्ट झाली तर कारण नीट येतं का, सेकंदाला किती कॉल चालतात, टोकन (लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता पास) कधी मरतं, बदल झाले की तारखेसकट लिहून ठेवतात का. उदाहरणार्थ झिरोधाच्या काइट कनेक्ट एपीआयमध्ये हिस्टॉरिकल डेटाचे सेकंदाला 3 कॉल, एका वेबसॉकेटवर (चालू भाव सतत देणाऱ्या जोडणीवर) 3000 इन्स्ट्रुमेंट, म्हणजे शेअर किंवा कॉन्ट्रॅक्ट, आणि टोकन दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ला संपतं, असं सगळं स्पष्ट लिहिलंय. हे आकडे ज्याच्या कागदांत सापडत नाहीत त्याला मी मेल टाकतो आणि उत्तर किती दिवसांनी येतं ते मोजतो. सपोर्टची परीक्षा तिथेच होऊन जाते.

टाइमआउटचं मात्र मी पैसे मोजून शिकलो. एका ब्रोकरकडे, नाव जाऊदे, ऑर्डर पाठवली, उत्तर आलंच नाही, माझ्या स्क्रिप्टला वाटलं गेली नसेल, तिने परत पाठवली, आणि पहिली तर कधीच भरली गेली होती, म्हणजे एकाच्या जागी दोन लॉट (लॉट म्हणजे एफ अँड ओतला ठरलेला गठ्ठा), आणि मी चहा घेत बसलेलो. तेव्हापासून विचारतो की ऑर्डरला स्वतःचा टॅग लावता येतो का, आणि ऑर्डरचं अपडेट आपोआप येतं का परत परत विचारावं लागतं. उत्तर नाही आलं तर आधी ऑर्डर बुक बघायचं, मगच परत पाठवायचं.

कोडमध्ये लॉट साइज कायमची लिहिली असेल तर ती काढा. निफ्टीचा लॉट 2024 मध्येच 50 चा 25 झाला आणि वर्ष संपेपर्यंत नव्या कॉन्ट्रॅक्टला 75, पुढे 65. साप्ताहिक एक्सपायरी गुरुवारची मंगळवारी गेली. इन्स्ट्रुमेंटची फाइल रोज सकाळी नवी उतरवायची, आणि ब्रोकर ती वेळेवर टाकतो का ते आठवडाभर बघायचं.

सॉफ्टवेअर तुमचा पासवर्ड आणि टीओटीपीची (सतत बदलणाऱ्या लॉगिन कोडची) गुप्त की दोन्ही मागत असेल तर नको. लॉगिन ब्रोकरच्याच पानावर व्हायला हवं, ॲड्रेस बार वाचा, आणि दिलेली परवानगी एका क्लिकने काढून घेता येते का ते परवानगी द्यायच्या आधीच शोधून ठेवा. टेलिग्रामवर फुकट मिळणारा क्रॅक केलेला ॲमीब्रोकर (चार्टचं सॉफ्टवेअर) तर अजिबात नको, ज्याने कुलूप फोडून दिलं त्याने आत काय ठेवलंय कोणाला माहीत, आणि त्याच मशिनवर तुमचं बँकेचं लॉगिन असतं.

शेवटी तालीम. स्वस्तातला एक शेअर, भावापासून लांबची लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची), ती बदला, रद्द करा, मग एक खरी भरू द्या आणि रात्री कॉन्ट्रॅक्ट नोटशी (ब्रोकरकडून येणाऱ्या सौद्यांच्या हिशोबाशी) पैशापैशाने ताडून बघा. मग मुद्दाम इंटरनेट काढा आणि स्क्रिप्ट काय करते ते बघा. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसई 11:40 ला बंद पडलं आणि परत 3:45 ते 5 चाललं, म्हणजे रोजच्या बंद होण्याच्या वेळेला, 3:30 ला, झोपी जाणाऱ्या स्क्रिप्टचं त्या दिवशी काय झालं असतं हे आपल्या स्क्रिप्टला विचारून बघा. अमेरिकेत नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीने 1 ऑगस्ट 2012 ला आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला म्हणून पाऊण तासात 44 कोटी डॉलर घालवले, आणि ते तर पगारी इंजिनिअर होते.

अल्गो बंद करायचं बटण कुठे आहे ते घरातल्या अजून एकाला दाखवून ठेवा. आणि ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा (फोनवर ऑर्डर घेणाऱ्यांचा) नंबर मोबाइलमध्ये नको, कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, मोबाइलवर नेमका त्याच वेळी ओटीपी येत असतो.