कराचा दर बदलला, ऑर्डर मात्र जुनी: कोणता दर लावावा?

विक्रीवरील कराचा दर बदलला की हाती असलेल्या ऑर्डरींना ऑर्डरच्या तारखेचाच दर लागेल, असे अनेकजण गृहीत धरतात. ऑर्डर हे केवळ मागणीपत्र असते; कर देय होतो तो सहसा पुरवठा, बीजक किंवा रक्कम मिळणे यांपैकी एखाद्या घटनेने, आणि ती घटना कोणती हे ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो. म्हणून प्रथम तो नियम पाहावा.

नियम किती वेगळे असू शकतात, हे दोन उदाहरणांवरून कळेल. भारतात वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४ मध्ये वरील तिन्ही घटना विचारात घेतल्या आहेत, आणि ढोबळमानाने त्यांपैकी दोन दरबदलाच्या तारखेच्या ज्या बाजूला (आधी किंवा नंतर) पडतात त्या बाजूचा दर लागतो. जर्मनीने १ जुलै २०२० पासून सहा महिन्यांसाठी मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर १९ वरून १६ टक्क्यांवर आणला, तेव्हा मात्र पुरवठा प्रत्यक्ष केव्हा झाला याला महत्त्व होते. आगाऊ रकमेवर १९ टक्के आकारले असले, तरी जुलैत पुरवठा झाल्यावर त्याची दुरुस्ती करावी लागे.

यानंतर बदलाच्या आदल्या दिवशी सर्व अपूर्ण ऑर्डरींची यादी काढावी आणि प्रत्येकीपुढे माल रवाना झाल्याची, बीजकाची व रक्कम जमा झाल्याची तारीख लिहावी. अर्धा माल गेला असेल, तर त्या ऑर्डरीचे दोन भाग करून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासावा.

खरी अडचण किमतीची असते. समजा, करासह १,१०० ही किंमत कबूल केली आणि दर १० वरून १२ टक्के झाला. किंमत तीच ठेवल्यास कर ११७.८६ होतो आणि विक्रेत्याच्या हाती १,००० ऐवजी ९८२.१४ उरतात. किंमत ‘कर वेगळा’ अशी ठरली असेल, तर ग्राहकाला १,१२० द्यावे लागतात. हा भार कोणी सोसायचा हे करारात स्पष्ट नसेल, तर बीजक पाठवण्यापूर्वीच ग्राहकाशी बोलावे. नंतरचा पत्रव्यवहार फार महागात पडतो.

सॉफ्टवेअरमध्ये जुना दर खोडून त्या जागी नवा लिहू नये. नवा दर लागू होण्याच्या तारखेसह वेगळा नोंदवावा, कारण जुन्या विक्रीचा माल परत आला, तर क्रेडिट नोट (ग्राहकाला परत द्यायच्या रकमेचा कागद) सर्वसाधारणपणे मूळ बीजकाच्याच दराने निघते. वरील उदाहरणात १० टक्क्यांनी विकलेला माल परत घेताना प्रणालीने १२ टक्के धरले, तर १,१०० ऐवजी १,१२० परत केले जातील, आणि ही वीसाची तफावत बहुधा विवरणपत्र भरतानाच लक्षात येईल.