वरचं दूध द्यायचं ठरलं तर: डबा निवडण्यापासून पाजण्यापर्यंत

बाळ रडलं की घरात कुणीतरी म्हणतं, "दूध पुरत नाही गं तिला," आणि त्याच संध्याकाळी मेडिकलमधून पावडरचा डबा येतो. त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन बाळाचं वजन करून घ्या. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर बहुतेक वेळा आईचं दूध पुरतंय. पण आईचं आजारपण असेल, एखादं औषध चालू असेल, बाळ दत्तक घेतलेलं असेल, तर वरचं दूध द्यावं लागतं. ते देताना आईने अपराधी वाटून घेऊ नये आणि घरच्यांनीही तिला टोचून बोलू नये.

डबा निवडताना जास्त किमतीचा म्हणजे जास्त चांगला, असं धरू नका. बाळाच्या पावडरीत कोणते घटक किती असावेत हे सरकारी नियमांनी ठरवून दिलं आहे. १९९२ च्या कायद्याने या पावडरीची जाहिरात करायला आणि मोफत नमुने वाटायला बंदी आहे. डब्यावर बाळाचा फोटोसुद्धा छापता येत नाही. त्यामुळे दुकानदाराच्या आग्रहापेक्षा बाळाच्या डॉक्टरांचा शब्द धरा. सहा महिन्यांच्या आतल्या पूर्ण दिवसांच्या बाळाला साधारणपणे '१' आकडा असलेली, गाईच्या दुधापासून केलेली पावडर चालते. सोयाची किंवा लॅक्टोज नसलेली पावडर डॉक्टरांनी सांगितली तरच आणा. चहासाठी मिळणारी दूध पावडर बाळाला कधीही देऊ नका. पाणी घालून पातळ केलेलं गाईचं-म्हशीचं दूधही वर्षाच्या आत आईच्या दुधाऐवजी नको. त्यात लोह फार कमी असतं आणि त्यातली प्रथिनं नि क्षार लहान मूत्रपिंडांना जड जातात.

आता तयारी. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) बरं, कारण बाटलीच्या बुचाच्या चुण्यांत दूध अडकून राहतं. काहीही वापरलं तरी आधी साबणाच्या पाण्याने घासा, मग भांडं पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटं उकळा. उकळलेली भांडी फडक्याने पुसू नका. ती तशीच निथळू द्या.

पावडर निर्जंतुक नसते, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. सीलबंद डब्यातही क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात आणि नवजात बाळाला त्यातून मेंदूज्वर होऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना निदान ७० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात पावडर मिसळायला सांगते. घरी थर्मामीटर लागत नाही. लिटरभर पाणी खळखळून उकळा, झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. थोडंसंच पाणी घेऊन उकळलं तर ते भराभर निवतं; मग थांबायला वेळ नाही. फिल्टरचं पाणीही उकळायचंच. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं. तसं असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा कमी दिवसांचं असेल तर नक्कीच विचारा.

हात धुवा. आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर टाका. बऱ्याच डब्यांवर ३० मिली पाण्याला एक चमचा असं प्रमाण असतं. म्हणजे ९० मिलीला तीन. पण चमचा त्याच डब्यातला हवा, दुसऱ्या कंपनीचा नको. पावडर दाबून भरू नका, स्वच्छ सुरीच्या पाठीने सपाट करा. पावडर आधी टाकून वरून ९० च्या खुणेपर्यंत पाणी ओतलं, तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. त्याने बद्धकोष्ठता होते, अंगातलं पाणी कमी होतं. डबा महिनाभर पुरावा म्हणून एक चमचा कमी टाकणं त्याहून वाईट. बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं, पण वजन वाढत नाही. रक्तातलं सोडियम घसरून झटकेही येऊ शकतात. डबा परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं मोकळेपणाने सांगा. मार्ग त्यांच्याशी बोलून काढा, पाणी वाढवून नको.

दूध ढवळून झालं की भांडं थंड पाण्यात धरून निववा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध कुठे कोमट, कुठे चटका बसेल असं गरम होतं. साखर, मध, बिस्किट काही घालू नका.

पाजताना बाळाला मांडीवर थोडं उंच धरा. बाळाने तोंड फिरवलं की थांबा. उरलेलं दूध संपवायचा आग्रह नको. पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात जे उरेल ते ओतून द्या, कारण त्यात लाळ मिसळलेली असते. न उष्टावलेलं दूधही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. रात्रीसाठी दूध करून ठेवण्यापेक्षा उकळतं पाणी स्वच्छ थर्मासमध्ये भरा, मोजलेली पावडर कोरड्या डबीत ठेवा आणि बाळ उठलं की दूध करा. प्रवासातही हेच करा. डबा उघडला त्या दिवसाची तारीख झाकणावर लिहा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीत संपवा. बहुतेकदा ती तीन-चार आठवड्यांची असते.

बाळ दूध घेईना, सुस्त पडलं, शी-तून रक्त गेलं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा आणि पावडरचा डबा सोबत न्या.