मॅनेज्ड स्विचचं वेब पेज उघडायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

सुट्ट्या लागल्या की आपल्याकडच्या शाळा, ज्युनियर कॉलेज, अभ्यासिका नेटवर्क नीट करून घेतात, साधा स्विच काढून मॅनेज्ड, म्हणजे वेब पेजवरून सेटिंग करता येणारा, बसवतात, आणि ते काम बऱ्याचदा संस्थेतल्याच एखाद्या कॉम्प्युटरवाल्या सरांवर येतंय. त्यांच्यासाठी हे लिहायलोय. वेब पेजवर क्लिक करणं अवघड नाही, अवघड असतंय ते मधेच आपणच बाहेर फेकले जाणं. एक सेटिंग बदलली, अप्लाय दाबलं, आणि पेज उघडेनाच. म्हणून सगळी तयारी एकाच गोष्टीसाठी करायची, की आत शिरलेली वाट शेवटपर्यंत उघडी राहिली पाहिजे.

सगळ्यात आधी कागद. एक्सेलमध्ये नका करू, कागदावरच करा, रॅकपाशी उभं राहून बघता येतो. २४ पोर्टचा स्विच असेल तर २४ ओळी आणि प्रत्येकीसमोर कोणती वायर कुठं जाती ते लिहायचं, आणि हे अंदाजानं नाही, वायर ओढून बघून, पोर्टची लाईट बघून, आणि त्याच वेळी दोन्ही टोकांना मार्करनं नंबर टाकून. एखादी वायर कुठं जाती ते कळालंच नाही तर ती वेगळी काढून ठेवा पण यादीत खोटं नाव टाकू नका. मग व्हीलॅन ठरवा, म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं. नंबर १ ते ४०९४ पर्यंत चालतात पण उगं अवघड नंबर घेऊ नका, ऑफिस १०, लॅब २०, कॅमेरे ३०, पोरांचं वायफाय ४०, स्विचच्या स्वतःच्या मॅनेजमेंटला ९९, आणि आयपीचा तिसरा आकडा तोच ठेवा, म्हणजे लॅब १९२.१६८.२०, कॅमेरे १९२.१६८.३०. सहा महिन्यांनी दुसरा कोणी आला तरी आयपी बघून त्याला कळतंय की हे मशीन कुठलं.

याच कागदावर राऊटरचं नाव आणि मॉडेल लिहा, कारण इथंच बऱ्याच जणांचं काम अडतं. व्हीलॅन पाडले म्हणजे ते एकमेकांपासून तुटले, आणि प्रत्येकाला नेट द्यायचं काम राऊटरचं किंवा फायरवॉलचं आहे, साधा लेयर दोनचा, म्हणजे राऊटिंग न करणारा, स्विच ते करत नाही. फायबरच्या कनेक्शनसोबत फुकट मिळालेल्या छोट्या राऊटरला बऱ्याचदा लॅनच्या बाजूनं व्हीलॅन कळतच नाहीत. ते आधी तपासा, नसेल कळत तर राऊटर आधी घ्या आणि स्विचला नंतर हात लावा.

राऊटरकडं जाणारी जी एक वायर आहे ती ट्रंक, तिच्यावर सगळे व्हीलॅन टॅग लावून जातात. मोंढ्यात एकाच ट्रकमध्ये चार अडत्यांची पोती चढतात आणि पोत्यावरच्या खुणेवरून कळतंय कुणाचं कुठलं, तसंच. कॉम्प्युटरच्या आणि कॅमेऱ्याच्या पोर्टवर खूण काढूनच द्यायची, म्हणजे अनटॅग. अॅक्सेस पॉईंटवर, म्हणजे वायफायच्या डब्यावर, दोन वायफाय नावं चालवायची असतील तर मात्र तिथंपण टॅग लागतो. कागदावर प्रत्येक पोर्टसमोर हे लिहून ठेवा, टॅग की अनटॅग आणि पीव्हीआयडी किती, म्हणजे मशीनकडून टॅगशिवाय येणारं कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायचं तो नंबर. पीव्हीआयडीचा रकाना वेगळा करा, विसरू नका, कारण बऱ्याच कंपन्यांच्या वेब पेजमध्ये व्हीलॅनची मेंबरशिप एका पानावर असती आणि पीव्हीआयडी दुसऱ्याच पानावर. एखादा पोर्ट व्हीलॅन २० मध्ये अनटॅग केला पण पीव्हीआयडी १ च राहिला तर मशीनकडं जाणारं २० मधून जातंय आणि मशीनकडून येणारं १ मध्ये पडतंय, मग आयपी मिळत नाही, मशीन स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी घेऊन बसतं आणि आपण वायर खराब म्हणून जॅक मारत बसतो.

आता सामान. लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप, नसेल तर यूएसबीचा लॅन अॅडॉप्टर, दोन चांगल्या पॅच कॉर्ड, रिसेटच्या भोकात जाईल अशी पिन, स्विचला कन्सोल पोर्ट, म्हणजे वेब पेजशिवाय थेट आत शिरायचा पोर्ट, असेल तर त्याची केबल आणि यूएसबी सीरियल कन्व्हर्टर. कन्सोलचा स्पीड काही मॉडेलला ९६०० असतोय काहींना ११५२००, मॅन्युअल बघूनच टाका. हे लातूरला, संभाजीनगरला दुकानात मिळून जातंय, तालुक्याच्या गावाला ऐनवेळी मिळत नाही. मॅन्युअलची पीडीएफ घरूनच लॅपटॉपमध्ये टाकून न्या, कारण काम चालू असताना तिथं नेट बंद असणार. फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, पण घरूनच, आणि स्विचच्या खालच्या स्टिकरवर हार्डवेअर व्हर्जन बघून, एकाच मॉडेलच्या दोन व्हर्जनला वेगळ्या फाईली असतात. फर्मवेअर टाकताना लाईट गेली तर स्विच निकामी होऊ शकतोय, म्हणून यूपीएसशिवाय ते काम करायचंच नाही, मग कितीबी घाई असो.

जागा पण बघून घ्या. बऱ्याच स्विचवर ० ते ४० किंवा ५० डिग्री असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४२ होतंय, पत्र्याच्या खोलीत बंद रॅकमध्ये काय होत असेल बघा. पंखा, हवा, अर्थिंग. दोन इमारतींमधून तांब्याची वायर नेलेली असेल तर या निमित्तानं फायबर टाकायला सांगा, मृगाच्या आधीच्या विजा त्याच वायरीतून आत येतात आणि पोर्ट जाळतात. तसंही तांब्याची वायर १०० मीटरच्या पुढं न्यायचीच नाही.

कॅमेरे पीओईवर, म्हणजे लॅनच्याच वायरीतून वीज घेणारे, असतील तर बेरीज करूनच जा. स्विचवर ६५ वॅट लिहिलंय, ८ कॅमेरे ७ वॅटचे म्हणजे ५६, वर १३ वॅटचा एक अॅक्सेस पॉईंट, झाले ६९, बसत नाही. हे दिवसा कळत नाही, अंधार पडल्यावर कॅमेऱ्याच्या आयआर लाईट लागल्या की वॅट वाढतात आणि एखादा कॅमेरा बंद चालू व्हायला लागतो.

आता आत शिरायची तयारी. स्विच आधी एकटाच चालू करा, राऊटरची वायर न लावता. टीपी-लिंकच्या बऱ्याच स्विचचा कारखान्यातून आलेला आयपी १९२.१६८.०.१ असतोय आणि बऱ्याच राऊटरचापण तोच, दोन्ही एकत्र लावले की पेज कुणाचं उघडलंय तेच कळत नाही. डी-लिंकच्या स्मार्ट स्विचला १०.९०.९०.९० असतोय, सिस्कोच्या छोट्या ऑफिसवाल्या मालिकेत १९२.१६८.१.२५४. स्टिकरवर बघा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, हाताने त्याच रेंजमधला आयपी द्या, पिंग करून बघा आणि मगच ब्राउझर उघडा. सर्टिफिकेटची लाल सूचना येती, स्विच स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट देतोय म्हणून, समोर वायरनं जोडलेला स्विच तोच आहे हे माहीत असताना पुढं जायला हरकत नाही.

आत गेल्यावरचा क्रम पण कागदावरच लिहून न्या. पहिला पासवर्ड, मग वेळ, जागतिक वेळेच्या (यूटीसी) साडेपाच तास पुढं, नाहीतर लॉगमध्ये भलतीच वेळ दिसते. मग व्हीलॅन, मेंबरशिप, पीव्हीआयडी. ज्या पोर्टमध्ये तुमचा लॅपटॉप आहे, समजा २४ नंबर, त्याला शेवटपर्यंत हात लावू नका, तो व्हीलॅन १ मध्येच राहू द्या. मॅनेजमेंट व्हीलॅन बदलणं सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या आधी दुसरा एक पोर्ट ९९ मध्ये अनटॅग आणि पीव्हीआयडी ९९ करून ठेवा, म्हणजे बदल झाला की लॅपटॉप त्या पोर्टला लावायचा, आयपी बदलायचा, परत आत.

अप्लाय आणि सेव्ह हे बऱ्याच स्विचमध्ये वेगळं असतंय आणि याचा फायदा घ्या. अप्लाय केलं की सेटिंग चालू होती पण पक्की होत नाही, चुकलं तर लाईट बंद चालू केली की मागची सेटिंग परत. म्हणून एकेक टप्पा तपासून झाल्यावरच सेव्ह दाबा, आणि शेवटी तर दाबाच, नाहीतर सगळं झालेलं पहिल्या लोडशेडिंगला जाईल. काही छोट्या मॉडेलमध्ये अप्लाय म्हणजेच पक्कं असतंय, ते मॅन्युअलमध्ये आधीच बघून ठेवायचं.

आरएसटीपी, म्हणजे वायरींचा गोल झाला तर एक वाट आपोआप बंद करणारी सोय, चालू ठेवा, लॅबमध्ये कोणी ना कोणी वायरीची दोन्ही टोकं भिंतीतच लावतं आणि सगळं नेटवर्क बसतं. कॉम्प्युटरच्या पोर्टला एज पोर्ट करा, नाहीतर लाईट आल्यावर पोर्ट चालू व्हायला वेळ घेतोय आणि मशीनला आयपी मिळत नाही. डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे भलत्याच राऊटरला आयपी वाटू न देणारी सोय, असेल तर लावा पण राऊटरच्या पोर्टला ट्रस्ट दिल्याशिवाय नाही. टेलनेट, म्हणजे पासवर्ड उघडाच पाठवणारी लॉगिनची जुनी पद्धत, बंद.

शेवटची तपासणी प्रत्येक व्हीलॅनमध्ये लॅपटॉप लावून करायची, आयपी बरोबर आला का, नेट चाललं का, आणि पोरांच्या वायफायवरून ऑफिसचं मशीन पिंग होत नाही ना. पिंग झालं तर राऊटरमध्ये अडवायचं राहिलंय. मग स्विच बंद करून चालू करा आणि हेच परत बघा. कॉन्फिगची फाईल डाउनलोड करून तारखेच्या नावानं पेन ड्राईव्हवर ठेवा, पोर्टचा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा, आणि पासवर्ड त्या कागदावर न लिहिता बंद पाकिटात सहीनिशी प्राचार्यांकडं द्या.